तीन प्रशिक्षकांनी बाजीला नकार दिला आणि चौथ्याने होकार दिला

धागाकर्ती : उपवनकाठ (ठाणे)

गेल्या श्रावणात आमच्या बाजीने सासूबाईंच्या हाताचा चावा घेतला. बाजी चार वर्षांचा जर्मन शेफर्ड आहे. वर्तकनगरला, उपवन तलावापासून पायी दहा मिनिटांवर, आम्ही पाच माणसे आणि तो दोन खोल्यांत राहतो. जेवताना भाकरीचा तुकडा टेबलाखाली पडला आणि तो उचलायला सासूबाई वाकल्या. बाजी तिथेच पसरलेला होता. तो गुरगुरला नाही. मी समोरच बसले होते म्हणून मला नेमके आठवते : त्याचे धापणे थांबले, तोंड मिटले, अंग दगडासारखे ताठ झाले, डोळ्यांच्या कडेचे पांढरे दिसू लागले आणि दुसऱ्या क्षणी त्यांचा हात त्याच्या जबड्यात होता. त्याने तो लगेच सोडला, पण दोन दात रुतले होते. आम्ही नळाखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुतली. महापालिकेच्या रुग्णालयात जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) दिले आणि रेबीजच्या लशीसाठी ०, ३, ७ आणि २८ व्या दिवसाच्या तारखा लिहून दिल्या. बाजीचे लसीकरण वेळेवर झालेले होते, तरी डॉक्टरांनी एकही मात्रा टाळू दिली नाही आणि ते योग्यच होते.

या चाव्याच्या आधीचे वर्ष लपवले तर हा धागा खोटा ठरेल, म्हणून तेही लिहिते. ताटाजवळ किंवा आपल्या चटईजवळ कुणी आले की बाजी गुरगुरायचा आणि तो गुरगुरला की आम्ही त्याच्या नाकावर वर्तमानपत्राची गुंडाळी मारायचो. काही महिन्यांत गुरगुरणे बंद झाले. बाजी सुधारला असे आम्ही नातेवाइकांना अभिमानाने सांगत होतो.

मग प्रशिक्षकाचा शोध सुरू झाला. पहिल्याने फोनवरच सांगितले की तो पिल्लांना बसणे, थांबणे, पट्ट्यात नीट चालणे आणि हाक मारल्यावर येणे एवढेच शिकवतो, चावणारा कुत्रा त्याच्या आवाक्यातला नाही. दुसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी अर्धा तास बारीकसारीक प्रश्न विचारले आणि घरात सात वर्षांचा मुलगा आहे हे ऐकल्यावर म्हणाल्या की आधी पशुवैद्याकडून सांधे, कान आणि दात तपासून घ्या, तोपर्यंत मी तुमचे पैसेही घेणार नाही आणि कुत्र्याला हातही लावणार नाही. तिसरा घरी आला. सेफ्टी डोअरच्या बाहेर, अंग तिरके ठेवून आणि बाजीकडे थेट न बघता, तो दहा मिनिटे उभा राहिला. आम्हा प्रत्येकाला त्याने एक-दोन प्रश्न विचारले आणि शेवटी हात जोडून, येण्याजाण्याचे पैसेसुद्धा न घेता, नाही म्हणाला. मला त्या तिघांचा मनापासून राग आला. शांत आणि गोड कुत्र्यांना शिकवायचे आणि ज्याला खरी गरज आहे त्याला दारातूनच परत फिरायचे, हा कसला व्यवसाय, असे मी त्याला तोंडावर बोलले.

चौथ्याने दोन मिनिटांच्या फोनवर होकार दिला. बाजी किती वेळा चावला, कुणाला चावला, कधी चावला, यातले त्याने काही विचारले नाही. ‘पंधरा दिवसांत गरीब गाय करून देतो, गॅरंटी,’ एवढेच म्हणाला आणि निम्मे पैसे आगाऊ घेतले. त्याने बाजीच्या गळ्यात आवळणारी साखळी घातली. चौथ्या दिवशी इमारतीच्या आवारात, सगळ्यांच्या देखत, त्याला उताणे पाडून छातीवर गुडघा रोवला, कारण ‘मालक कोण ते याला एकदा कळले पाहिजे’. बाजीला तिथेच लघवी झाली. सहाव्या दिवशी माझा नवरा पट्टा अडकवायला गेला आणि ज्या माणसावर बाजीने जन्मात दात दाखवले नव्हते त्याच्या हाताला चार ठिकाणी भोके पडली. तो प्रशिक्षक परत आला नाही.

त्यानंतर मी तिसऱ्याला फोन केला, आधी माफी मागितली आणि नकाराचे कारण विचारले. त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत देण्याचा प्रयत्न करते. ‘ताई, आठवड्यात १६८ तास असतात. मी तुमच्याकडे तीन तास येणार, उरलेले १६५ तास तो तुमच्यात राहणार. त्या दिवशी मी तुमच्या घरातल्या पाच जणांना एकच प्रश्न विचारला, तो जेवत असताना तुम्ही काय करता, आणि मला पाच वेगळी उत्तरे मिळाली. एक जण त्याच्या भांड्यात हात घालून सवय लावतो, एक जण ताट काढून घेतो, एक जण चुचकारतो, एक जण ओरडतो आणि आजी म्हणाल्या की त्या त्याला आपल्या ताटातले भरवतात. अशा घरात मी काहीही शिकवले तरी चावा पुन्हा होणार, आणि तो बहुधा तुमच्या मुलाला होणार. ते ओझे मला पेलवणार नाही.’ दुसरे कारण कायद्याचे होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला संभवणारा धोका टाळण्यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पट्टा प्रशिक्षकाच्या हातात असताना कुत्रा कुणाच्या ताब्यात होता, हा प्रश्न लिफ्टमध्ये एखाद्याला चावा बसल्यावर पोलीस ठाण्यात सोडवत बसावे लागते.

आज मला असे ठामपणे वाटते की त्या तिघांचा नकार प्रामाणिक होता आणि आमच्या घरावर आघात केला तो होकाराने. तरीही नकार ऐकून दार लावताना माणूस किती एकटा पडतो, हेही मी विसरलेले नाही. येथे प्रशिक्षक आणि पशुवैद्य आहेत असे दिसते, म्हणून विचारते : तुम्ही नाही कधी म्हणता आणि नाही म्हटल्यावर त्या घराने काय करावे?

प्रतिसाद : पारसिक (नवी मुंबई)

मी बेलापूरला राहतो आणि सीवूड्स, नेरूळ, खारघर या भागांत श्वानप्रशिक्षण करतो. पहिली सहा वर्षे मी चावणारा एकही कुत्रा घेतला नाही. आता काही घेतो, सगळे घेत नाही.

आपल्याकडे श्वानप्रशिक्षक म्हणून काम करायला कोणताही परवाना सक्तीचा नाही. उद्या कुणीही शिट्टी आणि साखळी विकत घेऊन पाटी लावू शकतो. त्यामुळे स्वतःची मर्यादा स्वतःच ठरवावी लागते आणि जो ती ठरवत नाही त्याच्याकडून तुमच्या बाजीसारखे प्रसंग घडतात. आज्ञा शिकवणे आणि आक्रमकता हाताळणे ही दोन वेगळी कामे आहेत. ‘बस’ म्हटल्यावर बसणारा कुत्रा मनातून घाबरलेला असेल तर तो बसल्या जागेवरून चावतो. आक्रमक कुत्र्याला ज्याची भीती वाटते ती गोष्ट इतक्या अंतरावर ठेवावी लागते की ती दिसूनही तो शांत राहील, आणि ती दिसली की लगेच त्याला आवडता खाऊ मिळेल अशी सांगड शेकडो वेळा घालावी लागते. या कामाला महिने लागतात. एकदा अंतर चुकले तर अनेक दिवसांची मेहनत वाया जाते.

नकार द्यायचा की नाही हे ठरवताना मी सर्वांत आधी चाव्याची खोली विचारतो. ब्रिटिश पशुवैद्य इयन डनबार यांनी चाव्यांच्या सहा पायऱ्या मांडल्या आहेत. पहिल्या पायरीत दात अंगाला लागतच नाहीत, नुसते अंगावर येणे असते. दुसऱ्या पायरीत दात लागतात पण भोक पडत नाही. तिसऱ्या पायरीत एका चाव्यात एक ते चार भोके पडतात, मात्र कुठलेही भोक सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल नसते. चौथ्या पायरीत निम्म्याहून खोल भोक पडते आणि बहुतेकदा कुत्र्याने धरून ठेवलेले किंवा झटकलेले असते. पाचवीत असे खोल चावे अनेक असतात आणि सहावीत माणूस दगावलेला असतो. तुमच्या वर्णनावरून दोन्ही चावे तिसऱ्या पायरीचे वाटतात. दात असूनही कुत्र्याने किती जोर लावायचे टाळले, हे त्यातून कळते. दुसऱ्या पायरीपर्यंतचा कुत्रा मी घेतो. तिसऱ्या पायरीचा कुत्रा मी घर पाहिल्याशिवाय घेत नाही. चौथ्या पायरीचा कुत्रा आणि त्याच घरात लहान मूल असेल तर मी घेत नाही, कारण तिथे माझी एक चूक त्या मुलाच्या चेहऱ्यावर जन्मभर राहते.

एक कारण आम्ही ग्राहकाला सहसा सांगत नाही. माझा उजवा हात हेच माझे दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी अंगठ्याच्या मुळाशी चावा बसला, टाके पडले आणि दीड महिना पट्टा धरता आला नाही. त्या दीड महिन्यात घरात एक रुपया आला नाही. रेबीजची आगाऊ लस मी घेतलेली आहे आणि या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी, पण बुडालेल्या कमाईची भरपाई कुठलीही लस करत नाही. शिवाय ज्यांच्याकडे कुत्र्यांना ठेवून घेण्याची सोय आहे त्यांना दुसऱ्यांच्या कुत्र्यांचाही विचार करावा लागतो. एका पाहुण्यासाठी बाकीच्या आठांना धोक्यात घालता येत नाही.

प्रतिसाद : वाशीची पशुवैद्य

उपवनकाठ, बाजीच्या खुब्याचा एक्स-रे झाला का? जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो. टेबलाखाली पडून असलेल्या, उठताना दुखणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर अचानक कुणी वाकले तर त्याला वेदनेची भीती वाटते आणि ती भीती दातांतून बाहेर पडते. ब्रिटनमधील डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिहिले की वर्तनाच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी निदान एक तृतीयांशांत कसले ना कसले दुखणे सामील असते. माझ्या टेबलावर असे कुत्रे नेहमी येतात : कानात जुना संसर्ग, हिरडीत सडलेला दात, गोचिडतापाने पिचलेले अंग. त्यांना प्रशिक्षकाकडे पाठवणे म्हणजे दाढ दुखणाऱ्या माणसाला शिस्तीचे धडे देण्यासारखे आहे. म्हणून तपासणीशिवाय काम न घेणाऱ्या त्या बाईंबद्दल मला आदर वाटतो.

औषधांचाही प्रश्न आहे. काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की फ्लुओक्सेटिनसारखे चिंता कमी करणारे औषध दिल्याशिवाय शिकण्याची अवस्थाच येत नाही. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ते केवळ पशुवैद्यच लिहून देऊ शकतो. त्यामुळे अशा प्रकरणात एकटा प्रशिक्षक पुरेसा नसतो, आणि जो प्रशिक्षक हे ओळखून थांबतो तो आपले काम जाणतो.

त्या उताणे पाडण्याबद्दल थोडे लिहिते, कारण ही पद्धत आपल्या आवारांतून अजून सर्रास दिसते. कुत्र्यावर वर्चस्व गाजवले पाहिजे हा विचार पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून पसरला. ज्यांच्या लेखनाने तो लोकप्रिय झाला त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये मांडले की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्ले, तिथे सत्तेसाठी अशी झटापट चालत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मेगन हेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १४० मालकांच्या प्रश्नावल्या प्रसिद्ध केल्या. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी आणि त्याला उताणे दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी सांगितले की कुत्रा त्यामुळे उलटून आक्रमक झाला. तुमच्या यजमानांना झालेला चावा त्यातलाच आहे.

गुरगुरणे ही सूचना असते. ती मारून बंद केली की सूचनेशिवाय चावणारा कुत्रा उरतो.

प्रतिसाद : खारघरची टेकडी

वरच्या सगळ्या कारणांशी मी सहमत आहे आणि तरीही माझे मन शांत होत नाही. मी पांडवकड्याच्या बाजूला रोज सकाळी कुत्र्यांना खाऊ घालते. मागच्या उन्हाळ्यात तिथे एक रॉटवायलर सापडला. गळ्याभोवती पट्ट्याच्या रुंदीएवढे केस पूर्ण झिजलेले होते, म्हणजे काही दिवसांपूर्वीपर्यंत तो कुणाच्या तरी घरात होता. प्रत्येक गाडीचे दार उघडले की तो उठून उभा राहायचा. चौकशी केल्यावर कळले की तो घरात कुणाला तरी चावला होता, दोन प्रशिक्षकांनी त्याला नाकारले होते आणि घरच्यांनी एका रात्री गाडीतून आणून सोडले. प्राण्याला उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणे १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे, पण त्या कुत्र्याला त्या कलमाचा काय उपयोग झाला?

जाणते प्रशिक्षक बाजूला झाले की मैदान साखळीवाल्यांना मोकळे मिळते. उपवनकाठ यांच्या घरी नेमके हेच घडले. तिघांनी नाही म्हटले म्हणून त्या चौथ्याकडे गेल्या.

प्रतिसाद : पारसिक (नवी मुंबई)

खारघरची टेकडी, तुमचा मुद्दा मला लागला आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तिघांपैकी पहिल्याचा नकार मला अपुरा वाटतो. ‘माझ्या आवाक्यात नाही’ हे खरे सांगितले, पण पुढे काय करायचे ते सांगितले नाही. मी आता नाही म्हणताना निदान एवढे करतो : पशुवैद्याकडे पाठवतो, हे काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाचे नाव देतो, आणि त्या दिवसापासून घर कसे सुरक्षित ठेवायचे ते फोनवर वीस मिनिटे समजावतो. जेवताना कुत्रा बंद दारामागे असावा. लहान मूल आणि कुत्रा मोठ्या माणसाच्या नजरेशिवाय एका खोलीत नसावेत. त्याच्या तोंडातली वस्तू हिसकावू नये, दूर खाऊ टाकून अदलाबदल करावी. बाहेर जाताना तोंडाला जाळीची मझल लावावी, जिच्यातून तो धापू आणि पाणी पिऊ शकेल. कापडी घट्ट मझल आपल्या उन्हात धोक्याची आहे, कारण कुत्रा तोंड उघडून धापूनच अंग थंड ठेवतो.

गॅरंटीबद्दल एक वाक्य लिहितो. आक्रमक कुत्र्याची गॅरंटी देणाऱ्याला पैसे देऊ नका. धोका कमी करता येतो, तो शून्य झाला असे कुणीही प्रामाणिकपणे लिहून देऊ शकत नाही.

आणि जे कुणाला ऐकायचे नसते तेही लिहितो. क्वचित एखादे घर असे येते की तिथे चावे खोल आहेत, औषधांनी फरक पडलेला नाही, कुत्र्याला द्यायला दुसरे सुरक्षित घर नाही आणि घरात रांगते मूल आहे. तिथे पशुवैद्य कुत्र्याला कायमचे झोपवण्याचा विषय काढतात. तो निर्णय प्रशिक्षकाचा नसतो, पण त्या बैठकीला मी दोनदा बसलो आहे. अनेक प्रशिक्षक आक्रमक कुत्रे घेत नाहीत त्यामागे ती बैठकही असते.

प्रतिसाद : पाम बीच (नवी मुंबई)

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. आमच्याकडे अशा कुत्र्याला इमारतीतून काढा अशी मागणी सर्वसाधारण सभेत झाली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने धोकादायक मानलेल्या २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदीचे पत्रक काढले होते, त्याचा दाखला दिला गेला, पण ते पत्रक कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी रद्द केले आहे. शेवटी आम्ही बंदीचा ठराव टाळला आणि मालकाकडून महापालिकेचा परवाना, रेबीज लसीची नोंद आणि लिफ्टमध्ये मझल या तीन गोष्टी लेखी घेतल्या. तेव्हापासून भांडण नाही. प्रशिक्षकाने आवारात काय करावे आणि काय करू नये, हे आम्ही ठरवले नव्हते. हा धागा वाचून ते पुढच्या बैठकीत घेतो.

प्रतिसाद : उपवनकाठ (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. वाशीच्या डॉक्टर, एक्स-रे झाला. डाव्या खुब्याची वाटी उथळ आहे आणि सांधा झिजू लागला आहे. वेदनाशामक सुरू होऊन सात आठवडे झाले आणि बाजी जिन्यावर पूर्वीसारखा अडखळत नाही. म्हणजे वर्षभर आम्ही ज्याच्या नाकावर मारत होतो तो दुखण्याने गुरगुरत होता. हे लिहितानाही हात थरथरतो.

अहवाल घेऊन मी त्या दुसऱ्या बाईंकडे गेले आणि त्यांनी बाजीला स्वीकारले, मात्र अटींवर. घरातल्या पाचही जणांनी पहिल्या बैठकीला हजर राहायचे, एकच नियमावली भिंतीवर लावायची, रोजची नोंद वहीत ठेवायची आणि कुणीही मारले तर त्या दिवशी काम बंद. पहिल्या दोन भेटींत त्यांनी बाजीला स्पर्शही केला नाही, आम्हालाच शिकवले. मझलच्या जाळीला आतून दही लावायचे आणि ती नुसती हातात धरायची, त्याच्या तोंडावर चढवायची नाही. नवव्या दिवशी बाजीने आपण होऊन नाक आत घातले. मझलची पट्टी मात्र अजून अडकवलेली नाही, त्याला आणखी काही दिवस लागतील असे त्या म्हणतात.

परवा मंगळवारी मुलगा बॉल घ्यायला बाजीच्या चटईजवळून गेला आणि कित्येक महिन्यांनी बाजी गुरगुरला. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. सासूबाई हलक्या आवाजात मुलाला म्हणाल्या, ‘मागे ये बाळा, तो सांगतोय.’ मुलगा मागे सरला, बाजीने मान चटईवर टेकवली. मग त्यांनीच वही मागून घेतली आणि चष्मा लावून लिहिले : मंगळवार, संध्याकाळी सव्वासात, चटई, अंतर दोन हात, गुरगुरला, चावला नाही.